नम्र राहायचं की जबाबदारी घ्यायची? शिरोलीतल्या एका शिफ्ट इनचार्जला उत्तर

तुमचा प्रश्न वाचला. वाचणाऱ्या इतरांना संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुम्ही कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून भाग करायच्या कारखान्यात, नुकतेच शिफ्ट इनचार्ज झालात. हाताखालची बरीच माणसं वयानं आणि अनुभवानं तुमच्याहून मोठी. घरच्या वळणाप्रमाणं तुम्ही त्यांना मान देता, ‘मामा, तुम्हीच ठरवा, मला काय कळतंय त्यातलं’ असं म्हणता. मध्यंतरी कास्टिंगमध्ये (ओतून केलेल्या भागात) साच्याची वाळू सापडल्यामुळं एक मोठा लॉट कस्टमरकडून परत आला. मीटिंगमध्ये तुम्ही ‘सगळी चूक माझीच’ म्हणून मान खाली घातली. आता प्लँट हेड म्हणतात तुमच्यात कणखरपणा नाही, आणि लाइनवरची माणसं म्हणतात साहेब काही ठरवतच नाहीत. नम्र राहायचं की जबाबदारी घ्यायची, असा तुमचा प्रश्न. शेवटी जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय: त्याच आठवड्यात बेंटोनाइटचा, म्हणजे साच्याची वाळू बांधून धरणाऱ्या मातीचा, पुरवठादार बदलला होता, पण ते तुम्ही मीटिंगमध्ये काढलं नाही, कारण दुसऱ्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. त्याच्याकडं नंतर येतो.

मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत हयात घातली, मोल्डिंग लाइनच्या सुपरवायझरपासून वर्क्स मॅनेजरपर्यंत. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्यात नम्रता जास्त आणि जबाबदारीची जाणीव कमी आहे असं मला वाटत नाही. दोन्ही आहेत, फक्त त्यांच्या वेळा उलटसुलट झाल्यात. नम्रता लागते ती निर्णयाच्या आधी, माहिती गोळा करताना. तिथं जितकं लहान होता येईल तितकं व्हावं. निर्णयाची वेळ आली की तो तुमचा, आणि त्याचं पुढं जे होईल तेही तुमचं. तुम्ही ऐन निर्णयाच्या वेळी बाजूला होता, आणि नंतर जिथं नेमकं बोलायला पाहिजे तिथं सगळं सरसकट अंगावर घेऊन विषय मिटवता.

आधी ‘मामा, तुम्हीच ठरवा’ हे घेऊ. तुम्हाला ते आदराचं वाटतं. मामांच्या बाजूनं बघा. त्यांचा पगार मोल्डरचा, साचे करणाऱ्या कामगाराचा. लाइन थांबवायचा अधिकार त्यांना नाही. त्यांनी ‘चालू दे’ म्हटलं आणि लॉट बिघडला, तर उद्या चौकशीत ‘मामांनीच सांगितलं होतं’ हे कुणीतरी बोलणारच, तुम्ही नाही बोललात तरी. त्यांनी ‘थांबवा’ म्हटलं आणि काही दोष निघाला नाही, तर प्रॉडक्शनवाले त्यांच्याकडं बघून चडफडणार. म्हणजे पगार तुमचा आणि घोर त्यांना. ज्या माणसाला तुम्ही मान देऊ पाहता, त्याच्यावरच हा अन्याय होतो. ‘साहेब काही ठरवत नाहीत’ ही तक्रार त्यातून आलीय. त्या माणसांना कडक साहेब नको असतो. आपलं म्हणणं ऐकून घेणारा आणि मग त्यांच्या डोक्यावरचं ओझं उचलणारा माणूस हवा असतो.

एक प्रसंग सांगतो, विषय वाळूचाच आहे म्हणून. उन्हाळ्यातली दुपार, सेकंड शिफ्ट नुकतीच लागलेली. आमच्या सँड प्लँटवरचे (वाळू तयार होते तिथले) एक जुने मामा मोल्डिंग मशीनच्या वरच्या हॉपरमधली, म्हणजे वाळूच्या टाकीतली, मूठभर वाळू घेऊन आले. मूठ घट्ट दाबली, उघडली, गोळा दोन्ही हातांच्या बोटांत धरून मधोमध मोडला. चांगल्या वाळूचा गोळा टोकदार कडा ठेवून मोडतो. याच्या कडा भुरूभुरू गळत होत्या. ‘साहेब, वाळू मेलीया,’ एवढंच म्हणाले. माझ्या हातात लॅबची चिठ्ठी होती: ओलावा 3.6 टक्के, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दाबली जाते ते माप) हद्दीत, सगळं ठीक.

आता इथं दोन सोपे रस्ते होते. चिठ्ठी दाखवून ‘मामा, रिपोर्ट बरोबर आहे, चालू द्या’ म्हणायचं, हा झाला खुर्चीचा ताठा. किंवा ‘तुम्ही म्हणताय तर बंद करा’ म्हणायचं, म्हणजे निर्णय त्यांच्या गळ्यात. मी त्यांना विचारलं, वाळू घेतली कुठून? हॉपरमधून. लॅबच्या पोरानं नमुना कुठून घेतला? मिक्सरच्या तोंडाशी. दोघंही खरं बोलत होते. त्या दिवशी ओतलेले बॉक्स, म्हणजे साचे, लवकर लवकर फोडले जात होते, त्यातून परत येणारी वाळू गार व्हायला वेळच मिळत नव्हता. गरम वाळूत मिक्सरला घातलेलं पाणी बेल्टवरून मशीनपर्यंत जाता जाता उडून जातं. मिक्सरपाशी 3.6 असलेला ओलावा साच्यात तेवढा राहत नाही, साच्याच्या कडा ठिसूळ होतात, मेटल ओतताना वाळू सुटते आणि कास्टिंगमध्ये बसते. मामांचा हात जे सांगत होता त्याचं कारण मी विचारलं नसतं, तर ते मला कळलं नसतं. कारण कळल्याशिवाय घेतलेला निर्णय मला पुढं कुणाला समजावूनही सांगता आला नसता.

पुढचं मात्र मामांना विचारायचं नव्हतं. भट्टीत मेटल तयार होतं. ते नुसतं धरून ठेवायचं म्हणजे वीज जळते, आणि जास्त वेळ गेला तर कार्बन खाली येऊन रचना पुन्हा जुळवावी लागते. म्हणजे थांबण्याला किंमत होती, ती कुणी मोजायची हे मला ठरवायचं होतं. मी लाइन थांबवली, वाळू नुसती फिरवून गार होऊ दिली, तेवढ्यात पॅटर्न (ज्यावरून साचा घडतो तो नमुना) बदलून घेतला. लॉगबुकात लिहिलं: परतीची वाळू गरम, हॉपरवरची वाळू ठिसूळ, निरीक्षण सँड प्लँटच्या मामांचं, लाइन थांबवण्याचा निर्णय माझा. खाली सही. त्या ओळीत मामांचं नाव होतं ते त्यांच्या हाताच्या जाणकारीचं श्रेय म्हणून. त्या दिवशी बॉक्स कमी का पडले हे दुसऱ्या दिवशी मला विचारलं गेलं. मामांना कुणी विचारलं नाही.

आता मीटिंग. ‘सगळी चूक माझीच’ हे वाक्य ऐकायला मोठेपणाचं वाटतं आणि आपल्याकडं त्याचं कौतुकही होतं. पण त्यानं काय होतं ते बघा. समोरचा सुटतो, तुम्हीही सुटता आणि दोष तिथंच राहतो. कस्टमरला पाठवायच्या 8डी रिपोर्टमध्ये (दोषाचं कारण आणि उपाय लिहायचा ठरावीक नमुना) कारणाच्या रकान्यात ‘देखरेखीत कमतरता’ आणि उपायाच्या रकान्यात ‘संबंधितांना समज दिली’ असं लिहिलं जातं. अनुभवी कस्टमर हे वाचून ओळखतो की या लोकांनी शोध घेतलाच नाही. सगळी चूक एकाची असली की कशाचंच कारण शोधावं लागत नाही. म्हणून माझ्या मते सरसकट माफी ही जबाबदारी नव्हे. जबाबदारी नेमकी असते: कोणता निर्णय माझा होता, तेव्हा मला काय माहीत होतं, काय तपासायचं राहिलं, आणि उद्यापासून मी काय बदलतोय.

तुमचं ते बेंटोनाइटचं वाक्य इथं येतं. पुरवठादार बदलला हे न सांगण्यात तुम्हाला सौजन्य वाटलं. बेंटोनाइट बदललं की वाळूची ताकद, लागणारं पाणी, मिक्सिंगचा वेळ, सगळं पुन्हा बसवून घ्यावं लागतं हे तुम्हाला माहीत आहे. कदाचित दोषाचं खरं कारण तेच असेल, कदाचित नसेल. पण ती माहिती टेबलावर आलीच नाही, आणि ती फक्त तुमच्याकडं होती. स्वतःला लहान करायच्या नादात तुम्ही कारखान्याचं नुकसान केलंत, आणि पुढच्या शिफ्टचंही. हे मी कडक बोलतोय, पण तुम्ही मनापासून विचारलंय म्हणून बोलतोय.

ढकलल्यासारखं होऊ नये याला उपाय आहे, तो क्रमाचा आहे. आधी आपला वाटा, पूर्ण आणि स्पष्ट. मग वस्तुस्थिती, कुणाचं नाव न घेता. मग पुढचं काम, त्यात स्वतःला धरून. म्हणजे असं काहीतरी: ‘लाइन चालू ठेवायचा निर्णय माझा होता. लॅबचा रिपोर्ट ठीक होता, पण हॉपरवरची वाळू मी तपासून घेतली नाही. आजपासून दर दोन तासांनी तिथला नमुना घेतो. दुसरं, त्या आठवड्यात बेंटोनाइट बदललं होतं आणि शिफ्टला त्याची सूचना नव्हती. त्याचा संबंध आहे का ते दोन्ही मालाची चाचणी घेऊन बघावं लागेल. परचेसबरोबर मी बसतो.’ यात कुणावर ढकलणं नाही. ‘परचेसनं माल बदलला, मी काय करू’ हे ढकलणं झालं. माहिती तीच आहे, फरक आहे तो स्वतःचा वाटा आधी आला की नाही एवढाच.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगितलं पाहिजे. उद्यमनगरातल्या छोट्या युनिटमध्ये मालक स्वतः शेडमध्ये उभा असतो, कधी कधी लॅडलही (मेटल ओतायचं भांडं) धरतो. तिथं इनचार्जचा निर्णय म्हणजे बहुतेक वेळा मालकाला वेळेवर आणि खरं सांगणं. मोठ्या प्लँटमध्ये अधिकार कागदावर वाटलेले असतात, तिथं आधी तो कागद बघावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्हाला लाइन थांबवायचा अधिकार खरंच आहे का? ‘जबाबदारी घे’ म्हणायचं आणि थांबवलं की ‘कुणाला विचारून?’ म्हणायचं, असं कितीतरी ठिकाणी चालतं. तुमच्याकडं तसं असेल, तर तुमचा प्रश्न नम्रतेचा नाहीच, अधिकाराचा आहे. तो स्वभाव बदलून सुटणार नाही.

एका बाबतीत मात्र काही अवलंबून नाही, ती सुरक्षेची. पावसाळ्यात यार्डातलं भंगार ओलं येतं. भट्टीत वितळलेलं मेटल असताना ओलं भंगार खाली गेलं तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि मेटल उसळून बाहेर येतं. त्यात माणसं भाजतात, मरतात. भट्टीवरचा वीस वर्षांचा माणूस म्हणेल, ‘आम्ही रोज टाकतोय ओ, काय होत न्हाई.’ त्याचा अनुभव खरा आहे, म्हणजे त्याला अजून काही झालेलं नाही एवढंच खरं. इथं ऐकून घ्यायचं नाही, चर्चा करायची नाही. भंगार सुकवून, तापवून मगच चार्ज होईल, म्हणजे भट्टीत जाईल, तोपर्यंत मेल्टिंग थांबलं तरी चालेल, हे ठाम सांगायचं. आवाज चढवायची गरज नाही. पण तुमच्या सुरात ‘तुम्हाला काय वाटतं?’ असा प्रश्नही नको. वयानं मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणण्यात त्याचा अपमान नाही. त्याच्या पोराबाळांसमोर उद्या उभं राहता येणार नाही, अपमान त्यात आहे.

नम्र माणूस हुकूम कसा देणार, असं तुम्हाला वाटत असेल तर कोल्हापूरकरानं लांब जायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराज तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानासमोर गाडी थांबवून, लोकांच्या देखत त्यांच्या हातचा चहा घेत. ज्या काळात त्या हाताचं पाणी चालत नव्हतं, त्या काळात. त्याच महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला. त्यावर टीका झाली, विरोध झाला, तो त्यांनी सोसला. लोकांची मागणी होती म्हणून केलं, असं म्हणून आड घेतली नाही. तो चहा घेणारा आणि हुकमावर सही करणारा माणूस एकच होता. आपण एवढ्याशा शेडमध्ये काम करणारी माणसं, पण जमवायचं तेच आहे.

2019 च्या ऑगस्टमधला पूर तुम्हाला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे कित्येक दिवस बंद राहिला. पण सुरुवातीला कुणालाच ते माहीत नव्हतं. पाणी धोक्याच्या वर जाणं इथं नवीन नाही, दोन दिवसांत उतरेल असंच बहुतेकांना वाटत होतं. चिखली भागातला आमचा एक फेटलर (कास्टिंग घासून साफ करणारा कामगार) मला म्हणाला, ‘साहेब, ओढ्याचं पाणी उलटं फिरलंय, घरला जाऊ द्या.’ नदीकाठच्या माणसाला पाण्याची जी जाण असते ती माझ्या मोबाईलवरच्या मेसेजमध्ये नव्हती. मी त्याला आणि गावाकडच्या आणखी चौघांना बसवून विचारलं, रस्ता कुठं आधी तुटतो, कुणाला कुठून जावं लागेल.

मग ठरवलं ते मी. नवीन चार्ज घ्यायचा नाही. भट्टीत आहे ते मेटल पिगमध्ये (साध्या ठोकळ्यांच्या साच्यात) ओतून भट्टी रिकामी करायची, कारण वीज गेली आणि मेटल आत गोठलं तर भट्टीच अडकते, शिवाय भट्टीची कॉइल गार ठेवणारं पाणी चालू ठेवायलाही माणूस लागतो. नदीपलीकडच्या माणसांना उजेडातच घरी पाठवायचं. कस्टमरला फोन मी केला. ते चिडले, बाकीचे सप्लायर चालू आहेत म्हणाले. मी ‘माणसं ऐकत नाहीत’ असं सांगितलं नाही, चिखलीच्या माणसाचं नावही घेतलं नाही. प्लँट बंद करायचा निर्णय माझा आहे आणि रस्ता सुरू झाल्यावर पहिल्या गाडीत तुमचा माल असेल, एवढं सांगितलं. पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं असतं तर हाच निर्णय भित्रा ठरला असता. तरी तो त्या वेळच्या माहितीवर बरोबरच होता. निकाल आपल्या हातात नसतो. कुणाचं ऐकलं, कशावरून ठरवलं आणि नंतर फोन कुणी उचलला, एवढंच आपल्या हातात असतं.

श्रेयाबद्दल थोडं. चांगलं काही झालं की तुम्ही ‘टीमनं केलं’ म्हणत असाल. म्हणा, पण त्यानं कुणाच्याच पदरात काही पडत नाही. रिजेक्शन कमी झालं तर कोअर शॉपच्या (साच्यातले वाळूचे गाभे करणाऱ्या विभागाच्या) ताईंनी व्हेंट, म्हणजे हवा जायची भोकं, वेळच्या वेळी साफ केले म्हणून झालं, हे त्यांच्या देखत आणि प्लँट हेडच्या देखत बोला. आणि तुमच्या निर्णयाचं कुणी कौतुक केलं तर ‘छे, मी काहीच केलं नाही’ म्हणू नका. ते खरं नसतं आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. धन्यवाद म्हणा, कुणी काय सुचवलं ते सांगा, पुढच्या कामाला लागा.

आता तुमच्या लाइनवर लगेच करण्यासारखं. मामांना मामाच म्हणत राहा, आदर काढून घेऊ नका. फक्त ‘तुम्हीच ठरवा’ ऐवजी ‘तुम्हाला काय दिसतंय, आणि का?’ असं विचारा. उत्तर ऐकल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, ‘आपण असं करतोय, मी ठरवलंय.’ त्यांच्या मताविरुद्ध ठरवलं तर तेही सांगा, कारण सांगा. जुनी माणसं विरोधानं दुखावत नाहीत, न सांगता डावललं की दुखावतात. लॉगबुकात निर्णयाची ओळ आणि सही रोज. सुरुवातीला कुणीतरी म्हणेल, साहेब फार कागद करायला लागले. महिन्याभरात तीच माणसं तुमच्याकडं येऊन ‘हे पण लिवा की’ म्हणतील.

बेंटोनाइटचं अजून वेळ गेलेली नाही. या आठवड्यातच प्लँट हेडना भेटा आणि दोन गोष्टी एकत्र सांगा: हॉपरवरची तपासणी माझ्याकडून राहिली होती, ती आता सुरू केलीय, आणि त्या आठवड्यात माल बदलला होता, त्याची चाचणी घ्यायला पाहिजे. जुन्या पोत्यांपैकी एखादं शिल्लक असेल तर आधी ते बाजूला काढून ठेवा, नाहीतर तुलना करायला काही उरणार नाही. त्याच भेटीत विचारा, वाळू हद्दीबाहेर असेल तर लाइन थांबवायचा अधिकार मला आहे का. ‘आहे’ म्हणाले तर तेवढं मेलवर लिहून घ्या. ‘नाही’ म्हणाले तर रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा तो नंबर घ्या, आणि तो शिफ्टच्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असा लिहा.